एका त्रुटीच्या आत



स्मृतिव्याख्यान म्हटले की विषय साधारणपणे समाजाचा, साहित्याचा, नाहीतर शेतीचा असतो. विज्ञानाच्या वाट्याला फेब्रुवारीतला विज्ञान दिन येतो आणि तिथेही गाडी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पुढे फारशी जात नाही. संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली. तिचा थोडा गैरफायदा घेऊन आज मी सेकंदाच्या तुकड्यांवर बोलणार आहे. सेकंदाचा हजारावा भाग, अब्जावा भाग, आणि त्याच्याही खाली कितीतरी. कागदावर विषय कोरडा दिसतो, कबूल. पण या तुकड्यांपैकी सगळ्यांत बारीक तुकड्याशी झटणारे यंत्र आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात उभे राहायचे आहे. आपल्या किनवटहून सरळ रेघ मारली तर ती जागा सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. प्रकाशाला तेवढे अंतर कापायला सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. तेव्हा हा विषय परका आहे असे मला वाटत नाही.

सुरुवात घरातूनच करू. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यात काळाची मापे दिली आहेत. दिवसाच्या साठ घटिका, घटिकेच्या तीस कला, कलेच्या तीस काष्ठा, काष्ठेचे अठरा निमेष, निमेषाचे तीस तत्पर आणि एका तत्पराच्या शंभर त्रुटी. गुणाकार करून पाहा. एका अहोरात्रात दोन अब्ज ९१ कोटी ६० लाख त्रुटी येतात. नाक्षत्र दिवस आणि आपला दिवस यांतला बारीक फरक बाजूला ठेवला, तर एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात. आजच्या मापात एक त्रुटी म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद.

हा हिशेब सांगितला की सभेत टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप फिरतो की आपले पूर्वज मायक्रोसेकंद मोजत होते. ते खरे नाही. त्या काळचे वेळ मोजायचे उत्तम साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की घटिका झाली. घटिका म्हणजे २४ मिनिटे. त्या वाटीने त्रुटी मोजणे शक्यच नव्हते, आणि भास्कराचार्यांनी तसा दावाही केलेला नाही. त्रुटी हा गणिताचा तुकडा होता. ग्रहाची रोजची सरासरी गती वेगळी आणि नेमकी त्या वेळची, 'तात्कालिक' गती वेगळी, हे ओळखणारा तो गणिती. काळ लहान लहान कापत जाण्याची त्याच्या बुद्धीला सवय होती. त्याच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापला, आणि त्याची नोंद असलेला शिलालेख आजही चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. अभिमान बाळगायचा तर या गोष्टीचा बाळगावा. साधन हातात नसताना केलेला भागाकार म्हणजे मोजमाप नव्हे, एवढे मात्र लक्षात असू द्या. आजच्या बोलण्यात हा फरक पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग लहान काळ मोजायचा कसा? माणसाच्या हाताने सुरू आणि बंद करायच्या घड्याळाची मर्यादा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपते. त्याच्या खाली जायचे तर एकच जुनी युक्ती आहे. काळाचे अंतर करायचे, किंवा अंतराचा काळ. मराठवाड्यात ही युक्ती समजवायला दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी. तिथून निघालेले धक्के भूकंपमापकांवर दोन हप्त्यांत पोचले. आधी दाबाच्या लाटा, त्या वेगवान. मागून आडव्या हेलकाव्याच्या लाटा, त्या संथ. दोन्हींचा वेग माहीत असला की त्यांच्या येण्यातल्या फरकावरून भूकंपाचे केंद्र किती लांब आहे हे निघते. एका केंद्रावरून फक्त अंतर कळते, दिशा नाही. तीन ठिकाणच्या नोंदी जुळवल्या की नकाशावर नेमके गाव सापडते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, औंढ्याला त्याची गरज पडेल.

आता सेकंदापासून खाली उतरू. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियम अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तिच्यावर विसंबणे तेव्हा सोडले, कारण पृथ्वी पुरेशी नियमित नाही. त्याहून नियमित फिरणारे तारे आकाशात आहेत. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर यांच्या गटाने असा एक तारा शोधला, आणि त्या गटात आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुळकर्णी हे विद्यार्थी होते. तो तारा सेकंदाला ६४२ वेळा गिरकी घेतो. एका गिरकीला दीड मिलिसेकंद आणि थोडे वर. सूर्याहून जड वस्तू, एखाद्या शहराएवढी लहान, आणि हा वेग! मिलिसेकंदावर फार वेळ काढत नाही, तो आता आपल्या ओळखीचा झाला आहे.

मायक्रोसेकंदाला मात्र थांबू या. अवकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. हिशेबाने बहुतेक म्युऑन वरच संपायला हवेत. पण या क्षणी तुम्ही हात पसरलात तर तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन पार होतो आहे. १९३८ मध्ये होमी भाभांनी दाखवून दिले की असा अस्थिर कण हे एक घड्याळच मानता येईल, आणि आइन्स्टाइन म्हणतात त्याप्रमाणे वेगाने जाणारे घड्याळ सावकाश चालते, म्हणून तो आपल्याला अधिक जगलेला दिसेल. तीनच वर्षांनी डोंगरावरच्या मोजण्यांनी ते खरे ठरवले. भाभा म्हटले की आपल्याला अणुभट्ट्या आठवतात. मला त्यांची ही ओळ अधिक आवडते. प्रयोगशाळा नाही, खर्च नाही, नुसत्या नीट विचारातून एका कणाचे घड्याळ केले.

अणुभट्टीचा विषय निघालाच आहे तर अणुशास्त्रज्ञांचे एक खास माप सांगतो. दहा नॅनोसेकंदांना ते 'शेक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब तयार करताना हे माप रूढ झाले. बॉम्बमध्ये एक अणू फुटून निघालेला न्यूट्रॉन पुढचा अणू फोडतो, त्याला साधारण एक शेक लागतो. अशा ऐंशीएक पिढ्या झाल्या की सगळा खेळ आटोपतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदाच्याही आत. त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटच्या काही पिढ्यांतच बाहेर पडते. १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये ट्रॉम्बेच्या मंडळींनी जे केले ते याच मापाचे काम होते.

मग तारापूरची भट्टी १९६९ पासून शांतपणे वीज कशी देते? तिथेही साखळी हीच आहे आणि न्यूट्रॉनची पिढी मिलिसेकंदाच्याही आत बदलते. एवढ्या वेगाला आवर घालायला कोणतीही सळई वेळेत खाली आली नसती. निसर्गाने एक सोय ठेवली आहे. युरेनियमच्या विखंडनातले हजारात सहा-सात न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत, ते काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने निघतात. भट्टीचा हिशेब असा बसवलेला असतो की या उशिरा येणाऱ्यांशिवाय साखळी पुरी होऊ नये. मग सगळी भट्टी त्यांच्या चालीने चालते आणि माणसाला यंत्र हलवायला अवधी मिळतो. हजारातल्या सहा-सात जणांच्या दिरंगाईवर अणुवीज उभी आहे. सरकारी कचेरीत मात्र हे प्रमाण उलटे असते, ते जाऊ द्या.

नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाला एक फूट जायला लागणारा वेळ. शाळेतली पट्टी हातात धरा, ती नॅनोसेकंदाएवढी लांब आहे. तुमच्या मोबाइलवर नकाशा उघडतो तेव्हा उपग्रहांकडून आलेल्या संदेशांच्या वेळा असल्याच पट्टीने मोजल्या जातात. मायक्रोसेकंदाची चूक झाली तर तीनशे मीटरची चूक, म्हणजे तुम्ही रेल्वे स्टेशनावर आणि नकाशात भलत्याच गल्लीत. म्हणून उपग्रहावर अणुघड्याळ लागते. आपल्या 'नाविक' या दिशादर्शन यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह दिशादर्शनाच्या कामातून बाद झाला. तो धडा इस्रोने घेतला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले. रॉकेट उडताना सगळे दूरदर्शनसमोर बसतात, घड्याळाबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या दिवशीची मोठी बातमी घड्याळाची होती.

पिकोसेकंद ओलांडून आपण फेमटोसेकंदाला येऊ. एकावर पंधरा शून्ये ठेवा आणि सेकंदाचे तेवढे भाग करा, त्यातला एक भाग. इथे रसायनशास्त्राचे गाव लागते. रेणूतले अणू हलतात, बंध तुटतात आणि जुळतात, ते दहा ते काही शे फेमटोसेकंदांत. आणि हे दूर कुठे घडत नाही. आता, मला पाहताना, तुमच्या डोळ्यात घडते आहे. डोळ्याच्या पडद्यात रेटिनाल नावाचा एक वाकडा रेणू असतो. प्रकाशकण त्याच्यावर पडला की तो सरळ होतो. दिसण्याची सुरुवात ती. १९९१ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी हे किती वेळात होते ते मोजले. २०० फेमटोसेकंद. त्यानंतर मज्जातंतू, मेंदू वगैरे सगळे सावकाश चालते. समोर कोण आहे हे मेंदूला उमगेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. म्हणजे पहिल्या पावलाच्या पन्नास हजार कोटी पट वेळ. तो रेणू अ-जीवनसत्त्वापासून बनतो. अंगणवाडीत लेकरांना तोंडात अ-जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तो याच्यासाठी. डोस चुकत गेला आणि खाण्यात पालेभाजी नसली की रातांधळेपणा येतो. आपल्या पाड्या-तांड्यांवर काम करणाऱ्या अंगणवाडी ताई फेमटोसेकंदाच्या रसायनाचीच निगा राखत असतात.

दोनशे फेमटोसेकंद मोजले कसे? पुन्हा तीच युक्ती. लेसरचा एक अतिशय छोटा स्पंद दोन भागांत फोडायचा. पहिला रेणूला धक्का देतो, दुसरा मागून येऊन तो रेणू आता कसा आहे ते पाहतो. दुसऱ्याला उशीर करायचा तर त्याची वाट जराशी लांबवायची. वाट एक मायक्रोमीटरने वाढली की उशीर सव्वातीन फेमटोसेकंदांचा होतो. आरसा सूक्ष्म स्क्रूने सरकवायचा, बस. घड्याळाचे कामच उरत नाही. या रीतीने रासायनिक क्रियांचे टप्पे पाहणाऱ्या अहमद झेवैल या इजिप्तमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाला १९९९ चे नोबेल मिळाले. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत असे काही दशक फेमटोसेकंदांचे स्पंद प्रचंड तीव्रतेने पदार्थावर मारतात आणि क्षणभर ताऱ्याच्या पोटातल्यासारखी अवस्था तयार करतात. त्या कामासाठी त्यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

अणूच्या आत शिरलो की इलेक्ट्रॉन भेटतात. त्यांच्यापुढे फेमटोसेकंदही लांबलचक. त्यांना ॲटोसेकंद लागतो, फेमटोसेकंदाचा हजारावा भाग. हायड्रोजनच्या जुन्या, बोरच्या चित्रात इलेक्ट्रॉनची एक फेरी दीडशे ॲटोसेकंदांची. एवढे छोटे प्रकाशस्पंद तयार केले म्हणून २०२३ चे नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेन्त्स क्राउस आणि ॲन लुइलिए यांना विभागून मिळाले. विश्व जन्मल्यापासून जितके सेकंद उलटले, त्याच्या दुपटीहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात मावतात. त्याही खाली २०२० मध्ये फ्रँकफुर्टच्या गटाने हायड्रोजनच्या रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाश जायला लागणारा वेळ मोजला. २४७ झेप्टोसेकंद. झेप्टो म्हणजे ॲटोचा हजारावा भाग. त्याचा हजारावा भाग योक्टो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आणखी दोन पायऱ्या मंजूर केल्या, रोंटो आणि क्वेक्टो. संगणकात साठणाऱ्या माहितीसाठी खरे तर मोठ्या बाजूची नावे हवी होती. लहान बाजूची नावे जोड म्हणून आली. मला तेव्हा वाटले होते की रोंटोसेकंद कुणाच्या कामाला येणार? तर तो आपल्या औंढ्याच्याच हिशेबात निघाला.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. दुष्काळाचे वर्ष होते. पोळा नुकताच झाला होता आणि गणपती तीन दिवसांवर आले होते. दुपारी तीन वाजून वीस मिनिटे आणि पंचेचाळीस सेकंदांच्या सुमारास एक लाट किनवटमधून गेली. शाळा भरलेली असेल, बाजारात माणसे असतील. कुणाला काही कळले नाही. ती लाट तुमच्या अंगातून गेली, माझ्या अंगातून गेली, सबंध पृथ्वीतून गेली. जाताना तिने पृथ्वी एका बाजूने ताणली आणि दुसऱ्या बाजूने दाबली. किती? पृथ्वीच्या पौणेतेरा हजार किलोमीटरच्या व्यासात एका अणुकेंद्राएवढा फरक. सुमारे एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरे २९ पट. मिळून झाले ६२ पट. राहिलेले तीन सूर्यांचे वस्तुमान त्या लाटेच्या रूपाने निघून गेले. अशा लाटेला गुरुत्वलहर म्हणतात, आणि अमेरिकेतल्या लायगो नावाच्या जोडयंत्रांनी ती टिपली. आधी लिव्हिंग्स्टनला आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. ११ फेब्रुवारी २०१६ ला बातमी जाहीर झाली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतात उभारायच्या तिसऱ्या लायगोला, म्हणजे आपल्या औंढ्याच्या यंत्राला, तत्त्वतः होकार दिला.

या यंत्राची रचना ऐका. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. भुजा म्हणजे हवा काढून घेतलेल्या पोलादी नळ्या. टोकांना ४० किलो वजनाचे आरसे, काचेच्या तंतूंवर टांगलेले, तंतूची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. लेसरचा झोत मधोमध फोडून दोन्ही भुजांत सोडायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही झोत एकमेकांशी ताडून पाहायचे. चार किलोमीटर जायचे आणि चार किलोमीटर यायचे. याला प्रकाशाला किती वेळ लागतो? २६.७ मायक्रोसेकंद. आणि भास्कराचार्यांची त्रुटी २९.६ मायक्रोसेकंदांची. औंढ्याच्या भुजेतली प्रकाशाची एक येरझार एका त्रुटीच्या आत बसते! हा निव्वळ योगायोग आहे, यातून काही सिद्ध करायला जाऊ नका. पण कागदावर राहिलेल्या त्या तुकड्याएवढ्या वेळात आता काय काय मोजायचे आहे ते पाहा.

लाट आली की एक भुजा किंचित लांब होते आणि दुसरी आखूड. त्या दुपारच्या लाटेने चार किलोमीटरांत घडवलेला फरक मीटरच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाच्या चौपट होता. तेवढे अंतर प्रकाश किती वेळात कापतो? मी भागाकार केला. उत्तर आले तेरा रोंटोसेकंद. सेकंदाचे एकावर सत्तावीस शून्ये एवढे भाग करा, त्यातले तेरा. पहिल्याच दमात हे मोजता येत नाही, म्हणून आरशांच्या मध्ये झोत शेकडो वेळा मागेपुढे फिरवतात. भुजा जणू बाराशे किलोमीटरांची होते आणि फरक चार योक्टोसेकंदांवर येतो. या जगात एवढे सूक्ष्म घड्याळ कुणाकडेही नाही. लेसरची प्रकाशलाट स्वतः साडेतीन फेमटोसेकंदांची, म्हणजे योक्टोसेकंदापुढे ती पर्वताएवढी. मग हे निभते कसे? दोन झोत एकमेकांना जवळजवळ पूर्ण विझवतील असे जुळवतात, आणि उरलेल्या मंद उजेडात अतिसूक्ष्म वाढ-घट होते का ते पाहतात. भुजांत फिरणारा उजेड लाखो वॅटचा असतो. प्रकाशकणांची संख्या इतकी प्रचंड असते म्हणून हा बारीक फरक सरासरीत तगून राहतो. काळ मोजायला घड्याळ लागत नाही, तुलना लागते, हे मी मघापासून म्हणतो आहे ते इथे टोकाला जाते.

यंत्र नोंदी घेते सेकंदाला १६,३८४. दोन नोंदींतले अंतर साधारण दोन त्रुटी. पण त्या नोंदींत खरी लाट गोंगाटात बुडालेली असते. ती शोधायची तर ती कशी दिसेल हे आधी गणिताने ठरवावे लागते आणि तो नमुना नोंदींवरून फिरवून जुळतो का ते पाहावे लागते. हे काम १९९० च्या सुमारास पुण्यात, जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकामध्ये, संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी सुरू केले. तेव्हा जगात लाट टिपणारे यंत्रच नव्हते. पंचवीस वर्षे आधी चाळणी तयार करून बसलेल्या माणसांच्या धीराला काय म्हणावे? त्याही आधी १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी धक्का बसलेले कृष्णविवर कसे निनादत निनादत शांत होईल ते लिहून ठेवले होते. पंचेचाळीस वर्षांनी नोंदीच्या शेपटीत तो निनाद दिसला.

आता किल्लारीचे वाक्य आठवा. दोन यंत्रांना सात मिलिसेकंदांचा फरक मिळाला, त्यातून आकाशात नुसते एक कडे मिळते. लाट त्या कड्यावरून कुठूनही आलेली असू शकते. १७ ऑगस्ट २०१७ ला इटलीतले व्हर्गो जोडीला होते, म्हणून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा आकाशाच्या छोट्या तुकड्यात अडकवता आली, आणि अकरा तासांच्या आत दुर्बिणींनी ती दीर्घिका शोधून काढली. अमेरिकेतली दोन केंद्रे प्रकाशाच्या हिशेबाने दहा मिलिसेकंद दूर आहेत. औंढा मात्र पृथ्वीच्या पोटातून सरळ रेघ मारली तर हॅनफर्डपासून ३५ आणि लिव्हिंग्स्टनपासून ३८ मिलिसेकंद दूर आहे. केंद्रे जितकी लांब, तितकी दिशा नेमकी. दुधाळ्याच्या शिवाराची किंमत या मिलिसेकंदांत आहे. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने पायाभरणी केली. २०३० पर्यंत यंत्र उभे करण्याचे ठरले आहे.

अडचणी आहेतच. लिव्हिंग्स्टनला जवळची आगगाडी आणि जंगलतोड यांनी यंत्र हैराण होते. हॅनफर्डला एका नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे टोचत, आणि त्यांच्या चोचीचे ठोके नोंदींत उमटत. शास्त्रज्ञांनी कावळ्यांचा शोध लावला तेव्हा हसावे की रडावे अशी अवस्था झाली असणार. आपल्याकडे कावळे कमी नाहीत, खडी क्रशर आणि ट्रकही कमी नाहीत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीचा भूकंप नांदेडपर्यंत जाणवला, जुलैत पुन्हा एक झाला. त्या धक्क्यांपासून आरसे अलगद टांगून ठेवण्याचे तंत्र हाच या यंत्राचा अर्धा प्रकल्प आहे. पण जमिनीची शांतता तंत्राने पुरती मिळत नाही. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांनी खाणी आणि अवजड वाहतूक यांबाबत समजून-उमजून साथ दिली तरच ती टिकेल, आणि ती साथ मागायची असेल तर त्या गावांना यंत्र काय करते हे मराठीत सांगावे लागेल. ते पुरेसे होत नाही असे माझे मत आहे.

सगळ्यांत लहान काळ कोणता, असा प्रश्न येईलच. माक्स प्लांक यांनी १८९९ मध्ये निसर्गाच्या स्थिरांकांतून एक माप काढले. दशांशचिन्हानंतर ४३ शून्ये आणि मग ५४. त्याच्या खाली काळ या शब्दाला अर्थ उरतो का, हे अजून ठरायचे आहे. पण प्लांकचा काळही सध्या त्रुटीच्याच रांगेत बसतो. हिशेब आहे, यंत्र नाही. सभेत त्याच्यावर तासभर बोलता येते, प्रयोगशाळेत त्याच्याशी पाच मिनिटेही करण्यासारखे काही नाही. म्हणून मी त्याला एवढ्यावर सोडतो.

त्यापेक्षा करण्यासारखे एक काम सांगतो आणि थांबतो. १४ सप्टेंबर २०१५ च्या दोन्ही केंद्रांच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. त्या उतरवून घ्यायच्या, गोंगाट गाळण्याचा तयार कार्यक्रम चालवायचा, हॅनफर्डचा आलेख उलटा करायचा आणि सात मिलिसेकंदांनी सरकवायचा. तो लिव्हिंग्स्टनच्या आलेखावर जाऊन बसतो. महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर हे होते, त्याला औंढ्याचे यंत्र उभे राहीपर्यंत थांबायचे कारण नाही. किनवटच्या प्राध्यापकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या विज्ञान दिनाला भाषण ठेवू नका. अकरावी-बारावीची मुले संगणकासमोर बसवा आणि ते सात मिलिसेकंद त्यांना त्यांच्या हाताने मोजू द्या.